मेरेवरचा मानकुराद

सगुणबाब आंबा खात नसत. गोव्यात, त्यातही पार्शासारख्या गावात, ऐन वैशाखात आंब्याला हात न लावणारा माणूस म्हणजे नवलच. गावच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागल्यावर मी त्यांच्या घरी भाड्याने राहायला गेले तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांना मधुमेह असेल. पण लक्ष्मीवयनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पहिल्याच आठवड्यात मला स्वयंपाकघरात बोलावून खालच्या आवाजात सांगितलं, "डायबिटीस ना गो बाय. केस आसा."

केस आंब्याच्या झाडाची होती. घराच्या उत्तरेला गडगा होता, चिऱ्यांची कमरेएवढी रचलेली भिंत. हा गडगा एका ठिकाणी तुटायचा, तिथे मानकुरादाचं एक थोराड झाड उभं होतं, आणि झाडाच्या पलीकडून गडगा पुन्हा सुरू व्हायचा. सगुणबाबांची जमीन अलीकडे, रामाची पलीकडे. मेर म्हणजे हद्द, म्हणून त्या झाडाला सगळा गाव मेरेचो आंबो म्हणायचा. जुन्या माणसांनी दोन जमिनींमध्ये खूण म्हणून ते झाड ठेवलं होतं आणि आंबे निम्मे निम्मे वाटून घ्यायची रीत होती. ते कोणाचं, असं कोणी कोणाला विचारलंच नव्हतं. मग गोवा भारतात आला, काही वर्षांनी सर्वेवाले साखळ्या घेऊन गावात आले, आणि त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला. दोन्ही बाजूंनी उत्तर आलं, आमचं.

तेव्हापासून कोर्ट चालू होतं. निकाल लागेपर्यंत 'जैसे थे' ठेवा, असा हुकूम होता. झाड तोडायचं नाही, छाटायचं नाही, आंबे काढायचे नाहीत. दोघांपैकी कोणाला काही करायचं असेल तर कोर्टाकडे अर्ज करायचा. मी मुळगावची. आमच्याकडे खाणीच्या धुळीने अंगणातल्या तुळशीचीसुद्धा पानं लाल झालेली असत. त्यामुळे एवढं हिरवंगार झाड आणि त्याच्याखाली सडणारे मानकुराद पाहून माझा जीव नुसता तळमळायचा.

सगुणबाब हुकूम अक्षरशः पाळत. एकदा त्यांच्या अंगणात, चांगलं हातभर आत, एक पिकलेला आंबा पडला. मी तो उचलायला वाकले तर ते बालकांवातून, म्हणजे पुढच्या दाराच्या बसायच्या सोप्यातून, ओरडले, "बाय, हात लावूं नाका!" मग छत्री घेऊन स्वतः आले. छत्रीच्या टोकाने त्यांनी तो आंबा हळूहळू लोटत मेरेपर्यंत नेला आणि बुंध्याला टेकवून ठेवला. त्याच्यावर माशा घोंगावू लागेपर्यंत ते तिथे उभे होते. मला हसू आवरेना. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "हांसूं नाका. कायद्यान चलूंक जाय."

कायद्याने चालायला हवं, हे त्यांचं पालुपद होतं. वासराने दावं तोडलं तरी "कायद्यान चल", वयनींनी आमटीच्या आधी सोलकढी वाढली तरी "कायद्यान चल". पोर्तुगिजांच्या राज्यात त्यांचे वडील रेजिदोर होते, म्हणजे गावचे सरकारी कारभारी. लोक त्यांच्याकडे तंटे घेऊन येत आणि ते बालकांवात बसून निवाडा करत. सगुणबाबांकडे कोणी येत नसे. बापाची खुर्ची मात्र राहिली होती. तिच्यात बसून त्यांनी आयुष्यात एकच तंटा पाहिला, तो स्वतःचा. मला वाटतं, ती केस संपू नये असंच त्यांना आतून कुठेतरी वाटत असावं. तारखेच्या दिवशी त्यांचा चेहरा उजळायचा. धुतलेलं धोतर, बंद गळ्याचा काळा कोट, काखेत छत्री. संध्याकाळच्या बसने परतताना सगळ्यांना उंडे आणत, ताजे, टणक पाठीचे पाव. एक उंडा मलाही मिळायचा. मग आम्ही चहात उंडा बुडवून त्यांच्या वकिलाचं भाषण ऐकायचो, आणि ते भाषण ते वकिलापेक्षाही चांगलं करत.

मोजायची त्यांना भारी खोड. रोज सकाळी दात घासून झाले की ते मेरेवर जात, उजव्या हाताची वीत ताणत, आणि गडग्याच्या शेवटच्या चिऱ्यापासून बुंध्यापर्यंत विती मोजत. झाड एका रात्रीत रामाकडे सरकेल अशी भीती वाटत होती की काय, देव जाणे. बुंधा दर वर्षी जाड होतो, त्यामुळे विती कमी भरत आणि ते दिवसभर बेचैन असत. "झाड वाढतं हो," मी म्हणायची. "वाडूं दी. खंयच्या वाटेन वाडता तें पळोवंक जाय," ते म्हणत, म्हणजे कोणाच्या बाजूला वाढतं ते बघायला हवं.

रामाबद्दल सांगायला हवं. त्याचे वडील सिंधुदुर्गातून आले आणि त्यांनी ती जागा विकत घेतली. रामा डिचोलीकडच्या खाणींवर ट्रक चालवायचा, अंगाने आडवा, आवाज मोठा, मनाने मऊ. जन्म पार्शातलाच, पण सगुणबाब त्याला 'भायलो' म्हणायचे, बाहेरचा. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून भाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा रामाने ट्रकच्या तोंडावर मराठीचा फलक लावला. सगुणबाब जन्मभर मराठी पोथ्या वाचणारे, पत्रं मराठीत लिहिणारे. फलक पाहिल्याबरोबर ते कोकणीवाले झाले. दोघं मेरेवर उभे राहून एकमेकांना भाषेवरून शिव्या देत, आणि त्या शिव्या ऐकून कोणाची बाजू कोणती हे मला तरी कधी ओळखता आलं नाही. पुढे गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. शाळेत आम्ही साखर वाटली, मी घरीही घेऊन आले. सगुणबाबांनी चिमूटभर तोंडात टाकली आणि काळजीच्या सुरात विचारलं, "राज्य जालें म्हणून केस परत पयल्यासून चलोवंची पडतली काय?"

या सगळ्यात दोन बायका होत्या आणि त्यांची काही केस नव्हती. लक्ष्मीवयनी आणि रामाची बायको सुनीता. वयनींना मूलबाळ नव्हतं. सुनीता त्यांच्या लेकीच्या वयाची. नवऱ्यांची ताकीद होती की एकमेकींच्या जमिनीत पाय ठेवायचा नाही. त्या कशाला ठेवतील? गडग्याच्या तुटलेल्या जागेत, झाडाच्या बुंध्याशी, दोघी बसत. ती जागा ना याची ना त्याची, कोर्टाची. दुपारची भांडी झाली की वयनी सूप घेऊन निघत, पलीकडून सुनीता येई. तांदूळ निवडत, भिण्णां म्हणजे रातांबे फोडून सोलं वाळत घालत, कढीपत्ता, विरजण, सुईदोरा, सगळं इकडून तिकडे जायचं. सुनीताचं पहिलं डोहाळजेवणसुद्धा तिथेच झालं, पाटाचे दोन पाय या बाजूला आणि दोन त्या बाजूला. सगुणबाब बालकांवात खुर्ची फिरवून पाठमोरे बसत. पाहिलं नाही म्हणजे झालं नाही, असाही त्यांचा एक कायदा होता.

झाडाची एक फांदी त्या जागेवर आडवी आली होती. फांदी कसली, दुसरं झाडच म्हणायचं. तिच्या काखेत पावसाचं पाणी साचून ती सडत गेली. अळंबीचे पांढरे कान उगवले, मग तपकिरी भुसा गळू लागला. वयनींच्या निवडलेल्या तांदळावर तो पडायचा. त्या सूप पाखडत आणि हसत म्हणत, "पळय गो सुनीता, रूख पीठ दळता." फांदी पोकळ झालीय हे सांगायला कोणी जाणता लागत नव्हता. ती सगळ्यांना दिसत होती. शाळेतून येताना माझी नजर आधी तिच्याकडेच जायची.

एके दिवशी रामा ट्रक लावून सरळ मेरेवर आला. आवाज कधी नव्हे तो खाली होता. "सगुणबाब, ह्या फांदयेचा काय खरा नाय. आपण दोघांनी मिळान कोर्टात अर्ज करूया. परवानगी मिळात. फांदी तोडूया, मगे हवा तितक्या भांडूया."

मी दारातच होते. मला वाटलं, सुटलो एकदाचे. सगुणबाब खुर्चीतून उठलेही. मेरेपर्यंत आले, फांदीकडे वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "दोगांनी अर्ज केलो म्हणजे रूख दोगांचो जालो. तुका तेंच जाय न्हय?"

"मग तुमी एकट्यानी करा," रामा म्हणाला. "माजी हरकत नाय. लिहून देतंय."

"हांवें तोडूंक मागली म्हणजे रूख माका नाका अशें जालें. तुजो वकील सोडटलो?"

रामाने कपाळावर हात मारला आणि तो निघून गेला. एकट्याने अर्ज करायचं तर त्याच्याही वकिलाने तेच सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी मला सगुणबाबांचा इतका संताप आला की मी जेवायलाही त्यांच्यासमोर बसले नाही. पण त्यांच्या मनालाही कुठेतरी टोचणी लागली असावी. कारण त्याच आठवड्यात त्यांनी देवाचा कौल घ्यायचं ठरवलं.

कौल घेण्याची आमच्याकडची पद्धत अशी. गुरव देवाच्या पाषाणाला पाण्याने भिजवलेल्या कळ्या दोन्ही अंगांना लावतो. विचारणारा आपला प्रश्न सांगतो, गुरव तो गाऱ्हाण्यातून देवापुढे मांडतो. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. वयनी मला सोबत घेऊन गेल्या. देवळाच्या पायऱ्या चढताना त्यांनी नवऱ्याला हळूच म्हटलं, "आनी एक विचारा. फांटी तोडूंची काय दवरची, तेंय विचारा." फांदी तोडायची की ठेवायची, एवढंच त्यांना हवं होतं.

"एका वेळार एकूच," सगुणबाब म्हणाले. "देवाकडेन सुद्दां कायद्यान चलूंक जाय."

त्यांनी विचारलं, रूख माझा की नाही. आम्ही सगळे कळ्यांकडे डोळे लावून बसलो. समईच्या वाती दोनदा सरकवून झाल्या. मग उजवी कळी सुटली आणि घरंगळत खाली आली. सगुणबाबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांनी देवाला लोटांगण घातलं, आणि उठल्यावर सगळ्यांना पेढे वाटले. वयनींनी पुन्हा काही विचारलं नाही. गुरव बाकीच्या कळ्या गोळा करत होता आणि त्या त्याच्या हातांकडे पाहत राहिल्या, तेवढं मला आठवतं.

त्या वर्षी झाड आंब्यांनी लगडलं होतं. काढायला बंदी, त्यामुळे सगळा भार फांद्यांवर. शनिवार होता, शाळा सकाळची. मी विहिरीवर कपडे धूत होते. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. आधी आवाज आला तो जाड कापड कोणी टराटरा फाडावं तसा. मग जमीन हादरली. मी धावले तेव्हा गडग्याची तुटलेली जागा दिसतच नव्हती. सगळीकडे पानं, फुटलेले आंबे, आणि त्यांचा गोड वास. सुनीता ओरडत होती. वयनींचा आवाज नव्हता.

सगुणबाब माझ्या आधी पोचले होते. ते हातांनी पानं उपसत होते, एकेक पान. शेजारपाजारचे कुऱ्हाडी घेऊन आले आणि क्षणभर थबकले. कोणीतरी बोललंसुद्धा, "कोर्टाचो हुकूम आसा मरे." रामा घरातून कोयता घेऊन आला आणि त्याने पहिला घाव घातला. तेवढ्या वर्षांत त्या झाडावर पडलेला तो पहिला घाव. सगुणबाबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मार रे. मार बेगीन."

सुनीता वाचली. तिचं कमरेचं हाड मोडलं, पुढे तिला काठी कायमची लागली. लक्ष्मीवयनी तिथल्या तिथे गेल्या होत्या. सूप त्यांच्या मांडीखाली चेपलेलं होतं.

खरे हाल पुढे झाले. चितेला आंब्याचं लाकूड लागतं. फांदी दारात पडलेली, गाडीभर लाकूड. पण पोलिसांनी सांगितलं, तपास होईपर्यंत हात लावायचा नाही, आणि वर कोर्टाचा हुकूम होताच. माणसं लाकडासाठी गावभर फिरली. शेवटी खालच्या वाड्यावरच्या एकाने स्वतःचं झाड तोडून दिलं. ओलं होतं, धूर फार झाला. सगुणबाब त्या धुरातच उभे राहिले, कोणी ओढलं तरी हलले नाहीत.

मग कोर्टात एक विपरीत प्रकार सुरू झाला. झाड ज्याचं, जबाबदारी त्याची. ज्यांनी इतकी वर्षं झाड आमचं म्हणून घसा फोडला, ते दोन्ही वकील आता झाड समोरच्याचं म्हणू लागले. सगुणबाबांचे वकील घरी येऊन बसले. "तुम्ही फक्त एवढंच म्हणा," त्यांनी सांगितलं, "की कौल-बिल काही असो, मोजणीप्रमाणे बुंधा पलीकडे आहे. तुमच्या बायकोचा जीव गेला आहे, तुमच्याकडे कोणी बोट दाखवणार नाही." सगुणबाब ऐकत होते. वकिलांना त्यांनी दारापर्यंत पोचवलं.

मी साक्षीला होते म्हणून त्या दिवशी कोर्टात होते. तोच बंद गळ्याचा कोट, पण वयनी नसल्यामुळे इस्त्री नव्हती. रामा एका बाजूला, सुनीता काठीवर रेलून बाकाच्या टोकाला. रामाचे वकील उठले. म्हणाले, "आमच्या अशिलाचा या झाडावर काही दावा नाही. झाड समोरच्या पक्षाचं आहे, हे आम्ही मान्य करतो." इतक्या वर्षांची केस एका वाक्यात जिंकली गेली. सगुणबाबांचे वकील घाईने उठले, "हे आम्हाला मान्य नाही," आणि मोजणीचं सांगायला लागले. तोच सगुणबाब उभे राहिले.

"रूख माजो," ते म्हणाले.

वकिलांनी त्यांचा कोट ओढला. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "आजोबा, याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला कळतं ना?"

"कळता, सायब." आवाज बारीक होता, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला. "देवाक हांवें विचारिल्लें, रूख कोणाचो. देवान सांगलें, तुजो. ती म्हणताली, फांटी तोडूंची काय दवरची तेंय विचारा. तें हांवें विचारूंक ना. रूख माजो. फांटीय माजीच."

सुनीताने पदर तोंडाला लावला. रामा खाली मान घालून बुटाच्या नाडीशी चाळा करत होता. मला त्या म्हाताऱ्याचा राग होता, वयनी गेल्यापासून तर फारच. तो राग तिथे संपला असं मी म्हणणार नाही. पण त्या माणसाने जन्मभर जे मागितलं, ते हातात घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने हात मागे घेतला नाही, एवढं मला मान्य करावं लागलं. त्या दिवशी परतताना त्यांनी उंडे आणले नाहीत.

पुढे रामाने त्यांच्याकडून काही मागितलं नाही. कोर्टाच्या परवानगीने झाड मुळापासून तोडलं. गडग्यातली ती जागा उघडी पडली. तिथे दोन-चार चिरे रचून भिंत जोडायचं दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही. सुनीता कधीमधी काठी टेकत तिथून आत येई आणि बालकांवाच्या पायरीवर काकडीची तवसोळी नाहीतर पेज झाकून ठेवी. सगुणबाब आता खुर्ची पाठमोरी करत नसत.

माझी बदली लाटंबार्शाला झाली. निघायच्या दिवशी सामान बाहेर काढून ठेवलं होतं आणि मी निरोप घ्यायला गेले. सगुणबाब बालकांवात नव्हते. घराच्या मागच्या भिंतीला आंब्याची लाकडं फोडून रचली होती, वरून माडाच्या झावळ्या झाकल्या होत्या. ती लाकडं चुलीला लावायची नाहीत, अशी त्यांनी सगळ्यांना सक्त ताकीद दिली होती. ते त्या राशीशी वाकून उभे होते. उजव्या हाताची वीत ताणून एका टोकापासून मोजत होते.

"काय मोजता?" मी विचारलं.

"माका पुरतलीं काय ना, तें पळयतां," ते म्हणाले. "तिका परक्या रूखाचीं पडलीं."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बोलण्याच्या नादात मोजणी चुकली होती, म्हणून ते पुन्हा पहिल्या टोकाला गेले आणि त्यांनी वीत टेकवली.